आठशे मीटर, मुली

डेकोराच्या दूध संघात, लॅबमध्ये, मी फॅट मोजते.
दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे, त्यांवर माझा पगार.
म्हणूनच असेल, शाळेच्या ट्रॅकवर,
आयोवातल्या एप्रिलच्या बोचऱ्या वाऱ्यात,
स्टॉपवॉच धरायला मलाच बोलावतात.

आधी खरं ते सांगते.
मागच्या वर्षी तिसऱ्या नंबराचं घड्याळ माझ्याकडे होतं.
शेवटच्या वळणावर मारित ओडेगार्डची लांब ढांग
माझ्या ऋजुताच्या शेजारून निघून गेली
आणि मारितसाठी बटण दाबायला
माझ्या अंगठ्याने उशीर केला.
किती? पंधरा शतांश.
कुणाला कळलं नाही.
मी मोजणारी बाई आहे, मला कळलं.

निपाणीहून बहिणीने फोनवर विचारलं होतं,
तो, की ती?
मराठीत पळवाट नाही, क्रियापदाला शेपूट असतंच.
तो कायदा, ती शर्यत, ते मैदान,
बाकावर उभं राहून पाठ केलेलं.
मी म्हटलं, धावते.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग बहीण म्हणाली,
एवढ्या थंडीत पळतं होय गं ते लेकरू?

मार्चमध्ये राजधानीत सही झाली.
जेवणाच्या सुट्टीत, नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी,
मी कलम वाचून काढलं.
त्यात वारा नव्हता, वळण नव्हतं.
जन्माचा दाखला होता.
मला सुटल्यासारखं वाटलं. तेही सांगते.
झाकण उघडताना बाटली जेवढा उसासा टाकते
तेवढंच, पण वाटलं.

आता मारित लांब उडीचा खड्डा सपाट करते.
प्रत्येक पोरीच्या टाचांची खूण
दाताळ्याने पुसते, मागे सरते, हात वर करते: पुढची.
अडथळे मांडते. पाण्याची पिंपं ओढते.
तिचा बाप अर्ने, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा,
कुंपणाला रेलून उभा राहतो,
पूर्वी राहायचा तिथेच.
कशाकडे बघायचं ते त्याचं ठरत नाही.
टोपी काढतो, आत बघतो, घालतो.

आठशेची बंदूक झाली की मारित दाताळं टाकते
आणि दोनशेच्या खुणेपाशी पळत जाऊन ओरडते,
सदतीस! रिजू, सदतीस! खांदे सोड!
ऋजुताने खांदे सोडले.
ऋजुता तिसरी आली.

परतताना गाडीत तिने ती पांढरी फीत
समोरच्या कप्प्यात टाकली,
पेट्रोलच्या पावत्या, सुटी नाणी, तुटका कंगवा, त्यांत.
मी म्हटलं, बाळा, मिळवलीस तू.
हो, म्हणाली. दोन बत्तीस पॉइंट नऊ.
मारितची दोन एकतीस होती.
मग घर येईपर्यंत वायपरचाच आवाज.
पाऊस नव्हता. बंद करायचं माझ्या लक्षात आलं नाही.

रविवारी संध्याकाळी मैदानाला कुलूप नसतं.
दिवे नसतात, लेनच्या रेघा दिसत नाहीत,
नंबर लावायला कुणी नसतं.
दोघी पळतात.
लांबून फक्त दोन श्वास येतात, वळणावर एकत्र,
मग सुटे, मग पुन्हा एकत्र.
पुढे कोण, ते मला ओळखू येत नाही
आणि माझा अंगठा कोटाच्या खिशात
सवयीने बटणावर.

अर्नेने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून दिली.
मला त्याला सांगायचं होतं
की तुझ्या मुलीचे पंधरा शतांश माझ्याकडे आहेत,
वर्षभर आहेत, कुठल्या खात्यात भरू?
मी म्हटलं, वारा पडला.
पडला, तो म्हणाला.
त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
तो अंधारात बघत होता, मान वळवत,
ट्रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.