बत्तीस खुर्च्या

गुरुवारी साडेपाचला मी हॉल उघडतो.
आधी हीटर, मग दिवे, मग खुर्च्या.
'बत्तीस मांडाव्यात' असं तत्त्वज्ञान विभागाच्या चिठ्ठीत असतं.
चिठ्ठी दर महिन्याला तीच, वरचा विषय तेवढा बदलतो.
सप्टेंबरात होता : मेलेल्याची क्षमा मागता येते का?
ऑक्टोबरात : प्राण्यांना 'उद्या' असतो का?
(कुत्र्याला असतो, म्हणाला बार्रिया,
मेंढीचं सांगता येत नाही.)
आज : ढीग म्हणजे किती?

पुन्ता अरेनासला नोव्हेंबरात वारा माजला
की चौकातून दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
आज दोर बांधलेत.
म्हणजे सहा येतील. फार तर सात.
तरी मी बत्तीस मांडतो.
कमी मांडल्या तर आलेल्यांना कळतं
की कुणी वाट बघत नव्हतं.

पहिल्या नेहमी दोन्या झ्लाता.
हीटरजवळची खुर्ची त्यांची, हे न बोलता ठरलेलं.
एकटीसाठी घर तापवायचं जिवावर येतं, म्हणतात,
इथे फुकट ऊब आणि वर थोडी अक्कल.
मग बार्रिया, ज्याने चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या.
मग हजेरीच्या सहीसाठी आलेले दोन विद्यार्थी,
दीपगृहाच्या ऑफिसातली एक बाई,
आणि एक माणूस, जो बहुधा दार चुकला होता,
पण बसला.

व्याख्याती सान्तियागोची. रायेन उरूतिया. तरुण.
वाऱ्याने तिचे कागद आणि केस
सारखेच विस्कटलेले.
ती म्हणाली, एक दाणा म्हणजे ढीग नव्हे.
दोनही नव्हे. तीनही नव्हे.
मग असा कोणता दाणा, जो पडला आणि ढीग झाला?
विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं.
मी मागे उभा, किल्ल्या मुठीत धरून, वाजू नयेत म्हणून.

बार्रियाने हात वर केला. त्याला एक बोट कमी आहे.
म्हणाला, शेडमध्ये लोकर कोपऱ्यात टाकायचो.
फोरमन सांगायचा, ढीग झाला की हाक मार.
मी कधी मोजलं नाही.
कंबर मोडली की हाक मारायचो.
सगळे हसले. रायेन हसली नाही,
तिने ते वाक्य कागदाच्या कडेला उतरवलं.

मग दोन्या झ्लाता, बसल्या जागेवरूनच :
नवरा गेला तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती.
आठवड्याने नऊजण. मग चार.
मग भाची एकटी, तीही रविवारची.
तर बाई, तुमचा दाणा उलटा धरा.
माणसं कमी होत होत
कितव्याला एकटेपण सुरू होतं?

हीटर घुरघुरत राहिला.
दार चुकलेल्या माणसाने टोपी काढली.
रायेनने कागद चाळले, मग खाली ठेवले.
म्हणाली, मला माहीत नाही.
अकरा वर्षांत या हॉलमध्ये
हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं.

नंतर मी झाडतो.
काय काय पडलेलं असतं इथे :
एक हातमोजा, पेनाचं टोपण, बिस्किटाचा चुरा.
प्रश्नही पडलेले असतात म्हणे,
पण ते ज्याला पडतात त्याच्याबरोबर घरी जातात,
केरात कधी सापडत नाहीत.
आज हीटरजवळच्या खुर्चीशी मी उगाच
दोनदा झाडू फिरवला.

डीनच्या फॉर्मवर 'उपस्थिती' असा चौकोन असतो.
सहा लिहिलं. व्याख्यातीला धरायचं का, कुणी सांगितलेलं नाही.
मला धरायचं का, हे मी आजवर विचारलंच नव्हतं.
चौकोनात जागा होती.
सहाचे आठ केले, जरा गिचमिड झाली.

दोन्या झ्लातांची बटणं अजून लागत होती.
म्हटलं, चला, चौकापर्यंत येतो.
बाहेर आठ वाजताही लख्ख उजेड,
आणि वारा असा, की शब्द तोंडातच राहावा.
दोर एकच. शेजारी शेजारी चालता येत नाही,
मी पुढे, त्या मागे.
मान वळवता येईना.
पण दोराला ताण होता,
माझ्या हातामागे, थोडा खाली,
कमीजास्त होणारा.