पाचवा हात

कार्बनला चारच हात असतात.
मार्लिस कांगासनं पाचवा काढला.
प्रश्न चौथा, असिटोनची रचना: शून्य.
एकूण अठ्ठावन्न. पुढच्या दारासाठी साठ लागतात.
तिची ही तिसरी खेप.

डुलुथला डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं.
खिडकीखाली सरोवर कडेकडेनं गोठत चाललंय
आणि मी लाल पेनाचं टोपण
लावतोय, काढतोय.

वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून
ती सकाळी आठला माझ्या वर्गात येते,
सॅनिटायझरनं फुटलेली बोटं बाहीत ओढून बसते.
मागच्या महिन्यात, रात्री तीनला,
एइनो नावाचा म्हातारा नुसता पेंगतोय म्हणाले सगळे.
ती वाकली. त्याच्या श्वासाला
नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा वास.
डॉक्टरला तिनं झोपेतून उठवलं. म्हातारा वाचला.
तो वास असिटोनचाच.
नाकाला कळलं ते कागदावर उतरलं नाही, इतकंच.

तिच्या हाताला गुण आहे, म्हणतात तिथली माणसं.
मी देतो ते गुण वेगळे.

दोनच तर हवेत.
पेन जरा सैल धरला की झालं.
पण मग ती गोळी आठवते :
उजव्या रेणूसोबत त्याचं आरशातलं डावं जुळंही विकलं गेलं,
आणि बाळं जन्मली
खांद्यालाच बोटं फुटलेली.
डावं-उजवं कळायलाच हवं कुणाला तरी.
कुणाला तरी, हे नक्की.
प्रत्येकालाच का,
हे वीस वर्षं शिकवूनही मला सांगता येत नाही.

पंच्याण्णववाला पोरगा पहिल्या बाकावर बसतो.
मेलेल्या माणसाचे डोळे त्याला मिटता येतील का,
असा प्रश्न मी कधी घातला नाही.
घातला, तर तपासणार कोण? मी?

मार्लिस पेपर बघायला आली.
गुण मागितले नाहीत.
टोकाच्या कार्बनवर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिली,
आपल्याच वॉर्डातली खाट मोजावी तशी.
मग म्हणाली, "रात्री चार हात पुरत नाहीत हो.
सांगा, यातला कुठला खोडू?"

"हायड्रोजनचा. चारांतला कुठलाही," मी म्हणालो,
"सगळे सारखेच असतात."

रसायनशास्त्रात ते खरं आहे.