उरलेलं पाणी

विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो,
शाळेतही तसाच.
आठवी ‘ब’मधली लावण्या गड्डम
पर्यावरणमंत्री झाली, छातीवर बिल्ला,
आणि पहिला आठवडा नुसती ओरडली.
कुणी ऐकलं नाही.
मीही नाही, घंटा माझ्या हातात असून.

मग ती गप्प झाली.
शाळा सुटताना बादली घेऊन फाटकाशी,
आपल्या बाटलीतलं उरलेलं आधी ओतायची.
कुणाचं घोटभर, कुणाचं चूळभर.
त्रेचाळीस अंशांत कडुनिंबाची सात रोपं
तेवढ्यावर तगली.

सोमवारी ती आली नाही.
आईच्या विड्या वळायच्या राहिल्या होत्या म्हणे.
मी घंटा दिली, बादली विसरलो.

पोरं नाही विसरली.
बिल्ला नसलेला इरेश
बादली ओढत चालला होता,
सांडेल म्हणून
सगळ्यांवर खेकसत.