शिल्लक

शाळेच्या मागे, बॉयलरच्या खोलीला लागून
माझं राज्य: बारा रॅक, एक काउंटर, एक वही.
गुरुवारी दुपारी दोनला
हेक्समची चाळीस कॅडेट पोरं रांग लावतात
आणि मी त्यांना पायांवरून ओळखते.

सप्टेंबरात चार नंबर, सहा नंबर, साडेनऊ.
इमोजेन चार्लटनचा डावा पाच, उजवा साडेपाच,
हे आमच्या दोघींतच राहायचं ठरलंय.
नवी बेरे डोक्यावर धिरड्यासारखी बसते.
कोमट पाण्यात भिजव, कानाकडे ओढ,
डोक्यावरच वाळू दे,
हे मी दर वर्षी चाळीसदा सांगते.
"येस, मिसेस पी."
पिसाळ त्यांच्या जिभेवर ठरत नाही.
मीही नाद सोडलाय.

कराडला कॉलेजात मी दोन वर्षं एनसीसीत होते.
परेड संपली की दोन केळी आणि एक सामोसा,
खरं सांगायचं तर त्यासाठीच.
पण अजूनही मैदानावरून रॉब्सनसाहेबांची आरोळी आली
की काउंटरमागे माझ्या टाचा आपोआप जुळतात,
हातात कुणाचा तरी ओला मोजा असला तरी.

ऑक्टोबरात नकाशे. स्ट्रेचर. दोरीच्या गाठी,
ज्या सोडवायला शेवटी माझ्याकडेच येतात.
नोव्हेंबरात स्मारकापाशी दोन मिनिटं शांतता,
आणि तेवढ्यात न्याहारी न करता आलेलं एक पोर
दाणकन् आडवं.
मी बिस्किटांचा डबा घेऊन मागेच उभी असते.
ते काही कुठल्या वेळापत्रकात लिहिलेलं नाही.

मग ओटरबर्नच्या माळावर रात्रीचा सराव.
दहा होकायंत्रं दिली, नऊ आली.
चिखल मात्र सगळा परत आला,
चाळीस जोड बुटांतून, मोजून.
सात नंबर कुठंय?
रॉब्सनसाहेब म्हणाले, गवतात पडलं असेल.
मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं: येणे बाकी.
सहा वर्षांत माझ्या वहीत
एक लेससुद्धा कमी भरलेली नाही.

डिसेंबरात, चार वाजताच अंधार पडला होता तेव्हा,
रोरी हेस्लॉप एकटाच आला.
तेरा वर्षांचा, चार नंबरात दोन मोजे घालून चालणारा.
काउंटरवर सात नंबर ठेवलं
आणि बुटांकडे बघत राहिला,
जसे काही तेच बोलणार होते.

ओरडायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं, दीड महिना.
विचारलं एवढंच, की केलंस काय याचं?

उशाशी ठेवतो, म्हणाला.
बाबा आता ॲबरडीनला असतात.
नकाशावर बघितलं मी, इथून सरळ वर.
आकडेमोड काही करावीच लागत नाही, मिसेस पी.
दिवा बंद केला तरी
सुईचं टोक हिरवं चमकतं
आणि ते त्यांच्याकडेच असतं.

बॉयलर गुरगुरला. बाहेर कुणीतरी
फुटबॉल भिंतीवर मारत होतं.
मी सुई पाहिली. थरथरली, थांबली,
बरोबर रॅक क्रमांक तीनवर,
जिथं मी तंबूचे खुंटे ठेवते.
उत्तर तिकडं आहे, हे मला सहा वर्षांत
कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं.

मग वही उघडली. पेन्सिल नाही, पेन घेतलं.
होकायंत्र क्रमांक सात:
सुई अडकते. वापरास अयोग्य. बाद.
खाली सही, पूर्ण आडनावासकट.

आणि बाद माल इथं ठेवायचा नसतो, मी म्हटलं,
उचल तो.

दाराशी तो वळला.
बूट चावतायत, म्हणाला.
जानेवारीत ये, मी म्हटलं,
पाच नंबर काढून ठेवते.
आणि हे धुऊन आण.
लेसा मोजून घेईन.