लांबी भरू नका

सीएसटी रोडला, कुर्ल्याच्या टोकाला
आमचं दुकान म्हणजे दोन गाड्यांची जागा,
त्यातली एक फुटपाथची.
आत ट्यूबलाइट अकरा. पंखा बंद.
धुळीचा एक कण फिल्मखाली गेला
की जन्मभर फोडासारखा दिसतो,
म्हणून भर मे महिन्यात आम्ही वारा न घेता काम करतो.

गाड्या येतात पांढऱ्या, जातात काळ्या.
लाल येतात, राखाडी होऊन जातात.
वांद्र्याचा एक जण दर दिवाळीला नवा रंग लावून नेतो,
अंगावर शर्ट मात्र तोच.
आरसी बुकात पहिलाच रंग राहतो.
नौशादभाई प्रत्येकाला सांगतात, आरटीओत नोंद करून घ्या.
प्रत्येक जण मान हलवतो.

बुधवारी दहिसरचे चुरी आले.
झेन, दोन हजार चारची, चंदेरी,
पासिंग नुकतंच पुन्हा झालेलं,
डॅशबोर्डवर टोलच्या जुन्या पावत्या, रबर लावून.
मुलीला द्यायचीय, म्हणाले. तिला ऑलिव्ह हवाय. मॅट.
ऑलिव्ह म्हणजे कसा हो?
मी तुकडा दाखवला.
उलटासुलटा करून बघितला बराच वेळ.
"शेवाळ," म्हणाले,
आणि ॲडव्हान्स मोजला.

गाडी धुतली, क्ले फिरवला,
स्पिरिटने पुसत पुसत डाव्या मागच्या दारापर्यंत आलो
आणि बोटं अडखळली.
हँडलच्या खाली,
सहासात वर्षांच्या पोराचा खांदा येईल तिथे,
कर्कटकाने कोरलेलं:
मी चालवनार

बाणाचा ण हवा होता. नळाचा होता.

असं काही असलं की आम्ही लांबी भरतो,
घासतो, सपाट करतो. अर्ध्या तासाचं काम.
कारण फिल्म कातडीहून पातळ,
तापली की खाली जे असेल ते अंगावर घेते.
मी डबा उघडला. वास बाहेर गेला असणार,
चहाचा कप तसाच हातात घेऊन चुरी आत आले.
"लांबी भरू नका."
"दिसेल, काका."
"दिसू दे."
मग, मी विचारलं नव्हतं तरी,
"चार दिवसांची होती गाडी. मी मारलं होतं तिला."
आणि कप कुठे ठेवू, विचारलं.

विनाइलला आठवण असते.
हे नौशादभाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं.
ओढूनताणून कोपऱ्यात बसवलीस तरी
रात्रीतून मागे सरकते,
रोलवर होती तशी व्हायला बघते.
म्हणून शेवटी हीटगन, नव्वद अंशांच्या वर,
कडेकडेने, सावकाश,
तिची आठवण जाईपर्यंत.

ते दार मी सगळ्यात शेवटी घेतलं.
स्क्वीजी मधून बाहेर, मधून बाहेर,
सगळं बसलं, अक्षरांत तेवढी हवा राहिली.
हीटगन धरली. फिल्म ढिली पडली,
आणि अंगठ्याने एकेक खाली दाबत गेलो,
मी
चा ल व
इथे जरा थांबलो
ना र

लांबून कळत नाही.
उजेड तिरका पडला तरच,
शेवाळावरून गोगलगाय गेल्यासारखं.

शनिवारी मुलगी एकटीच आली.
बिलावर मराठीत सही केली, मृण्मयी,
नावातच ण, आणि तेव्हा चुकलेला.
चारी बाजूंनी फोटो काढले, सॅक पुढच्या सीटवर टाकली,
मागे न बघता, आरशांत बघून,
एका दमात गाडी रस्त्यावर काढली.
मागून टेम्पोवाला शिव्या देत होता. तिने काच खाली केली नाही.

नौशादभाई दारात उभे होते.
"मागच्या दाराला हात फिरवला मी," म्हणाले,
"काम खराब झालंय तिथे."
मी म्हटलं, हो.