चूल वेगळी असल्याचा पुरावा

विचारलंस म्हणून सांगते, सत्यवती.
वाळपईला जायचं, पण सोमवार सोडून.
सोमवारी अख्खी सत्तरी तिथं उतरते
आणि फॉर्म अकरालाच संपतात.
मामलेदार कचेरीचा जिना चढायचा नाही,
मागच्या अंगाला, झेरॉक्सवाल्याच्या पलीकडे
नागरी पुरवठ्याची खिडकी आहे.
तिच्या गजाला सुतळीने पेन बांधलंय.
ते चालत नाही. आपलं न्यायचं.

आधार, लाइटबिल, पंचायतीचा रहिवासी दाखला,
आणि जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा कागद.
त्यावर थोरल्या दिराची सही लागते,
म्हणजे भांडण असेल तर आधी मिटवायचं,
वेगळे झालो हे दाखवायला
एकत्र बसून चहा प्यायचा.
मी प्यायले. म्हाळू भावोजींनी
चष्मा दोनदा पुसला, सही केली,
आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.
पंचवीस वर्षं त्या कार्डावर
त्यांच्या नावाखाली चौथी होते मी.

उत्पन्न विचारतील.
काजूच्या कारखान्यात किलोमागे काय मिळतं ते सांग,
पावसात काम निम्मं होतं तेही सांग,
पण कुलासो बाई लिहितात तेवढंच
जेवढं रकान्यात मावतं.
ठसे घेताना घाबरू नकोस.
टरफलाच्या तेलाने माझी बोटं कोरी निघाली.
बाई म्हणत गेल्या, दुसरं द्या,
मी देत गेले दुसरं.
शेवटी डावी करंगळी लागली.
तिला जन्मात कुणी कामाला लावलं नव्हतं.

मग इन्स्पेक्टर येतो. दिवस सांगत नाही.
घर एक असलं तरी चालतं गं,
त्यांना घराशी देणंघेणं नाही,
चूल वेगळी पाहिजे.

माझी तू बघितली आहेस.
पडवीच्या टोकाला, मधे जुनं लुगडं बांधलेलं,
पलीकडे आवडू वहिनीची.
एकीचा धूर दुसरीच्या डोळ्यात.
तो आला, पर्येकर म्हणून, कोवळा पोरगा,
चपला बाहेर काढल्या.
वाकून माझी राख बघितली.
तवा बघितला. डबे उघडले,
एकात उकडे तांदूळ दोन मुठी,
दुसऱ्यात नुसता डब्याचा वास.
जेवण वेगळं?
वेगळं.
पूर्ण?
पूर्ण.
तो लिहायला लागला
आणि लुगड्याखालून हात आला,
मनगटात दोन हिरव्या बांगड्या,
वाटीत बांगड्याचं हुमण.
वाटी जमिनीवर टेकली, हात मागे गेला.
वहिनीला कमी ऐकू येतं,
तिला काय ठाऊक इकडे सरकार बसलंय.

हे गेल्यापासून तो हात रोज येतो.
मधली दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो,
तेव्हाही यायचा. वाटी रिकामी परत जायची,
धुऊन.

पर्येकराने पेन उचललं.
वाफ येत होती, तिरफळाचा वास सुटला होता.
मी म्हटलं, शेजारीण आहे.
खोटं बोलले असं मला वाटत नाही.
तो बराच वेळ वाटीकडे बघत राहिला,
मग विचारलं, पेठेत आज बांगडे आले होते?
आणि लिहिलं, चूल स्वतंत्र आढळली.

कार्ड चतुर्थीनंतर आलं.
पहिलं नाव माझं, खाली पोराचं.
सोसायटीत तांदूळ घेताना मशीन अजून अडतं,
मी सरळ करंगळीच पुढे करते,
मागे रांगेत बायका हसतात, हसू देत.
तांदळात खडे असतात. निवडायचे.
वहिनीची नजर माझ्याहून चांगली आहे,
तेवढ्यासाठी लुगडं वर खोचून ठेवते दुपारचं.

तर तू मंगळवारी जा, पहिल्या बसने.
पेन विसरू नकोस.
आणि इन्स्पेक्टर यायच्या सुमारास
तुझ्या जावेला आधीच सांगून ठेव,
आमटी जरा उशिरा दे म्हणावं.