डाव्या कानाच्या बाजूला

फोन बॉयलरच्या खोलीला लागून होता,
म्हणून हिवाळ्यात त्या खुर्चीसाठी भांडणं.
मी शनिवार मागून घेतला होता, मुष्टियुद्धाचा.
कानाला हेडफोन, पुढ्यात टाइपरायटर,
दोन कोरे कागद, मध्ये कार्बन
आणि तारेच्या पलीकडे, केल्विन हॉलच्या रिंगला खेटून,
मर्डो गिलफिलन,
ज्याचा खोकला मला त्याच्या बायकोआधी कळायचा.

मी एकही लढत पाहिलेली नाही.
एकोणीसशे चोपन्नचं ग्लासगो. बाईमाणसाला तिथं कोण नेणार?
मला सगळे विरामचिन्हांसकट ठाऊक.
सँडी मकव्हॅनल स्वल्पविराम
वजन एकशेबारा पौंड स्वल्पविराम
त्यातले दहा तरी नाकाचे पूर्णविराम.
मी हसले की मर्डो म्हणायचा,
हसू टाइप करू नकोस, पैसे शब्दांचे मिळतात.

आयिंडे फासोला लिव्हरपूलहून रात्रीच्या गाडीनं यायचा.
हरण्यासाठी बोलावलेला, जिंकून परत जायचा,
डबा तिसऱ्या वर्गाचा, ओठ शिवलेला.
मर्डो त्याचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगे,
जणू नाजूक काच हातात देतोय.
मी तसंच उतरवायची.
सकाळी छापून यायचं: ‘पाहुणा’.
तिन्ही वेळा. वरच्या मजल्यावर मी विचारलं एकदा.
जागा कमी होती, म्हणाले.

आणि ह्यूई डेव्हॅनी.
दिवसभर जहाजाच्या पोटात बसून रिव्हेट ठोकायचा.
डाव्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं.
घंटा झाली की त्याचा भाऊ कोपऱ्यातली फळी हातोडीनं ठोके,
थरथर पायांतून वर जाई, तेव्हा ह्यूई थांबे.
प्रेक्षकांना वाटायचं, काय शिस्त आहे पोराची!
मर्डोला माहीत होतं. मला माहीत होतं.
छापायचं नाही असं ठरलेलं.
लायसन्स गेलं असतं,
घरात चार लहान भावंडं.

नोव्हेंबरातली ती रात्र.
सातवी फेरी मर्डोनं सरळ सांगितली.
आठवीत त्याची वाक्यं आखूड होत गेली,
मग नुसती क्रियापदं,
मग गर्दीचा आवाज, समुद्र नळात शिरावा तसा.
डेव्हॅनी खाली पूर्णविराम.
मी टाइप केला.
तो पूर्णविराम खोड, इशबेल.
खोडला.

पंच डाव्या बाजूला उभा आहे.
आकडे डाव्या कानाशी मोजतोय.
त्याला वाटतंय अजून कुणी मोजायलाच लागलं नाही.
तो आराम करतोय, इशबेल.
डोळे उघडे आहेत, आणि तो आराम करतोय.
भावानं हातोडी शोधली, सापडेना.
दहा.
नंतर तो उठला, आणि घंटा झाल्यासारखा
कोपरा शोधत गेला. चुकीचा कोपरा.
आणि हे मी गेली दोन वर्षं लिहिलं नाही,
हेही लिही.

लिहिलं.
खोकला आला. मी वाट पाहिली.
तेवढ्यात त्याचे तीन मिनिटांचे पैसे संपले.

रविवारच्या अंकात आठ ओळी:
शूर प्रयत्न, आठव्या फेरीत अखेर, पुढच्या महिन्यात पुन्हा.
पुन्हा झालं नाही.
ह्यूई मग यार्डाच्या फाटकावर दिवे पुसायचा,
हाक मारली तर उजवीकडे वळायचा
आणि नाव आठवेपर्यंत हसत राहायचा.
मर्डोनं पुढे फुटबॉल घेतला. चांगला लिहायचा.
तेव्हा मात्र मी न हसता टाइप करायची.

कार्बनची प्रत बिस्किटांच्या डब्यात आहे,
शाई निळी, अजून बोटाला लागते.
परवा एक तरुण आला, जुन्या खेळाडूंच्या नोंदी करणारा.
वहीत त्याच्याकडे होतं: डेव्हॅनी, पराभव, नॉकआउट, आठ.
मी चहा केला.
डबा काढला नाही. का, सांगता येत नाही.

सोमवारी कामावरून परतताना
मी मासे आणि बटाटे घेतले होते,
ते नेमके त्याच पानात बांधून मिळाले.
व्हिनेगरनं ‘शूर’ पार विरघळला होता.
उभ्याउभ्या, बसस्टॉपवर, पावसात,
मी सगळं खाल्लं.
भूक लागली होती.